मुळशीत इंद्रायणी सगळेच विकतात, मग गिऱ्हाईक परत कुणाकडे येतं?

दिवाळी झाली की चांदणी चौकातून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाट्या दिसायला लागतात. 'इंद्रायणी तांदूळ मिळेल', 'घरचा तांदूळ', 'अस्सल आंबेमोहर'. भूगाव, पिरंगुट, पौड आणि पुढे ताम्हिणीच्या दिशेने जाल तशा या पाट्या येत राहतात. मजकूर जवळपास सारखाच. गाडी थांबते, काच खाली होते आणि दोन प्रश्न येतात: किलो कसा? आणि कमी किती कराल?

यात गिऱ्हाईकाची चूक काहीच नाही. दहा जण एकच गोष्ट सांगत असतील तर निवडायला भाव सोडून उरतं काय?

आता भावाचं गणित बघू. २०२५-२६ साठी केंद्र सरकारने साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरवलाय. एक क्विंटल भात सडला की साधारण ६७ किलो तांदूळ मिळतो, असं सरकारी खरेदीत धरलं जातं. म्हणजे हमीभावाने भात विकणाऱ्याला एका किलो तांदळामागे साधारण ३५ रुपये पडतात. तुमच्या घरी शेवटचा इंद्रायणी किती रुपये किलोने आला ते एकदा आठवा. मधला फरक सडाई, वाहतूक, पोती, व्यापारी आणि दुकानदार यांच्यात वाटला जातो. मुळशीचा शेतकरी रस्त्यावर पाटी लावतो तो या फरकातला थोडा वाटा आपल्याकडे यावा म्हणून.

पण 'स्वस्त' ही ओळख त्याला परवडणारी नाही. डोंगरउताराची छोटी खाचरं, लावणीला मजूर, वर्षाला एकच पीक. मध्य प्रदेशातून किंवा आंध्रातून ट्रकने येणाऱ्या तांदळाशी भावात टक्कर दिली तर हरणार कोण, हे सांगायला नको. आंबेमोहराच्या नावाखाली बाहेरचा, दिसायला तसाच तांदूळ विकला जातो, ही तक्रार तर जुनीच आहे.

मग करायचं काय?

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्तेनसेन मिल्कशेकचा एक किस्सा नेहमी सांगायचे. एका फास्ट फूड कंपनीला मिल्कशेकचा खप वाढवायचा होता. चव बदलून पाहिली, फरक पडेना. मग कोण कधी विकत घेतं हे बघितलं, तर बरेच मिल्कशेक सकाळी सकाळी, एकटा माणूस, गाडीत बसून प्यायला नेत होता. लांबचा कंटाळवाणा प्रवास, एक हात स्टिअरिंगवर आणि दुपारपर्यंत पोटाला आधार हवा. त्या माणसासाठी मिल्कशेकची स्पर्धा दुसऱ्या मिल्कशेकशी नव्हतीच, ती केळ्याशी आणि डोनटशी होती. म्हणजे माणूस वस्तू घेतो ती स्वतःचं एखादं काम उरकायला, आणि ते काम कोणतं हे दुकानदाराला ठाऊक नसेल तर तो चुकीची गोष्ट सुधारत बसतो.

हे मुळशीच्या तांदळाला लावून बघितलं की गंमत कळते. कारण या तालुक्याच्या एका टोकाला ताम्हिणीचा पाऊस आहे आणि दुसऱ्या टोकाला हिंजवडीचं आयटी पार्क. हो, हिंजवडी मुळशी तालुक्यातच येतं. म्हणजे लाखभर पगारदार घरं भाताच्या खाचरांपासून तासाभराच्या अंतरावर. 'एवढं मोठं मार्केट दारात आहे' हे वाक्य तालुक्यात पुष्कळ ऐकायला मिळतं. पण ते मार्केट एक नाही.

हिंजवडीत भाड्याने राहणाऱ्या अनेकांना लांब दाण्याचा, मोकळा भात लागतो. इंद्रायणी मुळात मऊ आणि चिकट. बिर्याणीला किंवा फ्राइड राइसला तो घेतला की गोळा होणार आणि तो माणूस पुन्हा फिरकणार नाही, वर चार जणांना सांगेल. या गिऱ्हाईकाला सरळ 'तुमच्यासाठी हा तांदूळ नाही' सांगणं फायद्याचं. धंद्यात हे सांगायला जड जातं, पण पाटी लावणाऱ्यांपैकी फार थोडे हे सांगतात, म्हणून जो सांगतो तो लक्षात राहतो.

वरणभात, तूप, मेतकूट असं ज्या घरात चालतं तिथे मात्र चिकटपणाच हवा असतो. या घरांची अडचण वेगळी आहे. फ्लॅटमध्ये पन्नास किलोचं पोतं ठेवायला जागा नाही आणि पावसाळ्यात डब्यात टोके होतात. त्यांना दर महिन्याला पाच किलो, ताजा सडलेला तांदूळ हवाय. भात तुसासकट चांगला टिकतो, सडल्यावर लवकर किडतो, सुगंधही उडत जातो. म्हणजे ज्याच्या घरी कणगीत भात आहे आणि गावात गिरणी आहे तो ही गरज सुपरमार्केटपेक्षा सहज भागवू शकतो. फक्त त्याने वर्षाचा सगळा भात नोव्हेंबरात एकदम सडून टाकता कामा नये. यात पैसे अडकून राहतात, हे खरंच. दिवाळीनंतर उधारी भागवायची असते तेव्हा भात घरात ठेवणं सगळ्यांना जमत नाही. निम्मा विकून निम्मा ठेवणं हा त्यातला मधला रस्ता.

आणखी एक साधी गोष्ट. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त. शहरातल्या कितीतरी घरांत 'गावाकडचा तांदूळ चिखल होतो' म्हणून नाव ठेवलं जातं, तो दोष बहुतेक वेळा पाण्याच्या मापाचा असतो. पिशवीवर 'नवा तांदूळ, पाणी कमी घाला' एवढी ओळ छापली तरी निम्म्या तक्रारी मिटतील.

तिसरं गिऱ्हाईक संख्येने कमी, पण भावाला घासाघीस न करणारं. बाळाला पहिला घन आहार सुरू करणारी आई आणि आजारातून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाचं घर. पेजेसाठी, मऊ भातासाठी आंबेमोहर हवा, ही समजूत मराठी घरात पक्की आहे. त्यांना महिन्याला किलो-दोन किलोच लागतो, पण तो खराच आंबेमोहर असला पाहिजे.

आणि इथे मुळशीकडे खरी बाजू आहे. आंबेमोहर उंच वाढतो, लोळतो, उतारा कमी देतो. म्हणून १९८७ मध्ये वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आंबेमोहराच्या संकरातून तयार झालेला इंद्रायणी आला, तेव्हा शेतकरी तिकडे वळले. जे दुर्मिळ झालं त्याची नक्कल वाढली. आंबेमोहर तांदळाला २०१६-१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन नावाला मिळतं, पिशवीला आपोआप नाही. शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी केली तरच ते चिन्ह वापरता येतं. पेजेसाठी तांदूळ शोधणाऱ्या आईला 'अस्सल' या शब्दापेक्षा गावाचं नाव, खाचराचा फोटो, सडल्याची तारीख आणि ही नोंदणी जास्त पटते.

कायद्याचं म्हणाल तर भीती बाळगण्यासारखं फार नाही. पिशवी बंद करून विकायची तर नाव, पत्ता, निव्वळ वजन, महिना, एमआरपी आणि तक्रारीसाठी फोन नंबर लागतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पिशवीवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या तांदळावर नाही. राज्यातच माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती साधारणपणे येत नाही. छोट्या विक्रेत्याला एफएसएसएआयची साधी नोंदणी पुरते.

रिसॉर्ट आणि खानावळी हे चौथं गिऱ्हाईक. त्यांना वासाचं कौतुक कमी, दर आठवड्याला तोच तांदूळ, तोच भाव आणि वेळेवर पोच हवी. एकट्या शेतकऱ्याला हे झेपणं कठीण. दहा-बारा जणांचा गट किंवा बचत गट असेल तरच या वाटेला जावं.

राहता राहिला रस्त्यावर गाडी थांबवणारा पर्यटक. तो खरं तर तांदूळ कमी आणि सहलीची आठवण जास्त विकत घेतो. त्याला एक-दोन किलोची नीटस पिशवी हवी. मात्र त्याच्यावर घर चालवणं जोखमीचं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेल्यावर पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मुळशीसह अनेक तालुक्यांतल्या पर्यटनस्थळांवर निर्बंध लावले. पुढच्याच महिन्यात २५ जुलैला ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा दिवसांत रस्त्यावरच्या पाटीसमोर कोण थांबणार? पण ज्याच्या फोनमध्ये मागच्या हिवाळ्यात पिशवी नेलेल्या चाळीस घरांचे नंबर आहेत, तो त्याच आठवड्यात भात सडून कोथरूडला किंवा बावधनला पोचवू शकतो. नंबर घ्यायची वेळ मात्र नोव्हेंबरची असते, काच खाली करून 'किलो कसा' असं कुणी विचारतं तेव्हाची.