एका क्लिकची मराठी आणि रेफरलचा कागद

चिखलदऱ्याहून एखाद्या गरोदर बाईला पुढे पाठवायचे म्हणजे घाट उतरून परतवाडा गाठायचा, तिथून अचलपूरचे उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथेही निभले नाही तर अमरावतीचे डफरीन. या वाटेवर तिची हकीकत सोबत नेतो तो रेफरलचा कागद. औषधांची नावे इंग्रजीत असली तरी बिघडत नाही. पण त्रास केव्हा सुरू झाला, घरी काय दिले, गोळी कशी घ्यायची, हे मराठीतच नीट सांगता येते. हा मजकूर आता संगणकावर किंवा मोबाइलवर टाइप होऊ लागला आहे आणि पुष्कळदा तो मराठीत असूनही रोमन अक्षरांत असतो.

रोमनमध्ये ‘सात’, ‘साठ’ आणि ‘साथ’ यांचे स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असते. ‘कळ’, ‘काळ’ आणि ‘काल’ यांचेही तसेच. पोटात कळ आली की पोट काल दुखले, हे वाचणाऱ्याने अंदाजाने ठरवायचे. एकाच घरात गरोदर सुनेला लोहाची लाल गोळी रोज घ्यायची असते आणि शाळेत जाणाऱ्या नणंदेला निळी गोळी आठवड्यातून एकदा. असल्या सूचना अंदाजावर सोडण्यासारख्या नाहीत.

कर्मचाऱ्यांना मराठीचा कंटाळा असतो, असे अनेक अधिकारी समजतात. खरी अडचण बरीच साधी आहे. मराठी टाइप करण्याची सोय संगणकात बसवायची कोणी आणि कशी, इथेच गाडी अडते.

एकेकाळी ‘शिवाजी’ किंवा ‘कृतिदेव’सारखे फॉन्ट टाकून काम भागवले जाई. त्यांत पडद्यावर मराठी दिसे, पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरेच असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की कागदभर अगम्य चिन्हे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असल्याने हा घोळ मिटला. मग उच्चाराप्रमाणे टाइप करू देणारी जोडसॉफ्टवेअर आली. त्यांपैकी गूगलचे ‘इनपुट टूल्स’ लोकांच्या हातात चांगले बसले, आणि विंडोजसाठीची त्याची आवृत्ती कंपनीने मागे घेतली. तेव्हापासून त्याच्या प्रती कुठल्याकुठल्या संकेतस्थळांवरून आणि पेन ड्राइव्हवरून फिरतात. सोबत व्हायरस आला तर तोही रुग्णालयाच्या संगणकात.

वास्तविक मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो. बाहेरून काही आणावे लागत नाही. पण तिथे पोचण्याची वाट पाहा. सेटिंग्ज, मग ‘टाइम अँड लँग्वेज’, मग भाषा जोडा, मग त्या भाषेचे ‘ऑप्शन्स’, मग कीबोर्ड. मराठी हवी म्हणून घड्याळाच्या चित्रापाशी जायचे हे कुणाला सुचणार? त्यातून ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विचारला तर तो कुणाकडे असतो याचा शोध सुरू. रात्रपाळीच्या सिस्टरने हे कधी करायचे?

‘लिबरऑफिस’ या मोफत लेखन-सॉफ्टवेअरची गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. मराठी शब्दकोशासारखी जोडणी त्यात बसवायची तर आधी संकेतस्थळावर शोधायची, फाइल उतरवायची, ती कुठे उतरली हे हुडकायचे, ‘एक्स्टेंशन मॅनेजर’ उघडून ती दाखवायची आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करायचे. जाणकाराचे दोन मिनिटांचे काम, नवख्याची अर्धी दुपार. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ७.१ या आवृत्तीत त्यांनी ‘ॲडिशन्स’ची एक खिडकीच दिली. तिथेच शोधा, तिथेच एका क्लिकवर बसवा. सोय नवी नव्हती. ती बसवण्याच्या पायऱ्या तेवढ्या कमी झाल्या.

वैद्यकात हा धडा जुना आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा मोजून आधीच पाकिटांत भरून ठेवला. नातेवाइकांनी फक्त पाण्यात मिसळून पाजायचे. वीस ते तीस टक्क्यांवर असलेले मृत्यू त्यांच्या देखरेखीखाली सुमारे साडेतीन टक्क्यांवर आले. क्षारांचे ज्ञान आधीपासून होते. तराजू आईच्या हातातून काढून घेतला, हे पाकिटाचे काम.

मात्र एका क्लिकला इंटरनेट लागते. मेळघाटात हतरूसारख्या भागात रेंज हा रोजचा प्रश्न आहे, आणि अर्ध्यात तुटलेले डाउनलोड कित्येकदा पहिल्यापासून सुरू करावे लागते. तेव्हा इथे ‘सोपे’ याचा अर्थ वेगळा धरावा लागेल. संगणक किंवा फोन आरोग्य केंद्रात पोचण्याआधीच त्यात मराठी बसवलेली असावी, आणि नंतर काही जोडायचे झाले तर तपासलेली एकच फाइल तालुक्याहून यावी.

अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत हा विचार आधी झाला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर त्यांनी सरकारी मोबाइल परत केले. फोनची क्षमता तोकडी आणि ‘पोषण ट्रॅकर’ इंग्रजीत, या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. बालकांच्या वजनाच्या नोंदी ज्यांनी करायच्या त्यांनाच ॲप वाचता येत नसेल, तर कुपोषणाच्या आकड्यांवर कितपत विसंबायचे?

बसवणे सोपे झाले की दुसरा धोका येतो. कीबोर्ड ही जोडणी साधी नव्हे, आपण टाइप केलेले प्रत्येक अक्षर तिच्यातून जाते. टोरंटोच्या ‘सिटिझन लॅब’ने एप्रिल २०२४ मध्ये नऊ कंपन्यांचे चिनी भाषेचे कीबोर्ड तपासून निष्कर्ष जाहीर केले. त्यांपैकी आठ कंपन्यांच्या कीबोर्डमध्ये टाइप केलेला मजकूर वाटेत तिसऱ्याला वाचता येण्याजोगी त्रुटी सापडली. एचआयव्हीचा अहवाल किंवा अल्पवयीन मुलीचे गरोदरपण कुठल्याही फुकट कीबोर्डवरून टाइप करू नये ते यासाठीच. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, पण कोणता कीबोर्ड वापरायचा हा निर्णय एकेका एएनएमवर टाकून तो पाळला जाणार नाही. निवड आरोग्य विभागाने करावी आणि बसवूनही द्यावी.

फोनवरची आपोआप शब्द दुरुस्त करणारी सोय मात्र रुग्णाची नोंद लिहिताना बंदच बरी. औषधाचे नाव तिच्या ओळखीचे नसले की ती जवळचा शब्द बसवते. मेळघाटात यात कोरकूची भर पडते. कोरकू मुंडा गटातली भाषा, मराठीशी तिचे घराण्याचे नाते नाही. लिहितात देवनागरीतच, त्यामुळे मराठी कीबोर्डवर ती टाइप होते, पण मराठी शब्दकोशाला ती सगळी चूक वाटते. रुग्ण दुखण्याचे जे वर्णन करतो ते शब्द, आडनावे, पाड्यांची नावे, सगळ्यांखाली लाल रेघ.

लिबरऑफिसमध्ये आपले शब्द घालून स्वतःची शब्दसूची करता येते. ती एका छोट्या फाइलमध्ये साठते आणि पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेता येते, इंटरनेट लागत नाही. सेमाडोह, सलोना, हतरू, टेंब्रुसोंडा आणि काटकुंभ या केंद्रांतल्या एएनएम आणि आशाताईंना हे शब्द तोंडपाठ आहेत. त्यांना एक दुपार एकत्र बसवून लिहून घेतले, तर पहिली सूची त्याच दिवशी तयार होईल.