सुई धरली म्हणून हसता?

होस्टेलवर मी बार्बीला नऊवारी शिवतो म्हणून पोरं हसतात. हसा लेको, पण आधी हिशोब करा! १९५९ साली आलेली ही बाहुली ११.५ इंचांची, म्हणजे माणसाच्या साधारण एक-षष्ठांश. त्या मापानं ९ वार साडी दीड वारावर येते. लांबी घटली, पण कापडाची जाडी तेवढीच! म्हणून निऱ्या फुगतात. मग मलमल शोधा, निऱ्या कमी करा, शिवण बारीक घ्या. हे डिझाईन नाही तर काय?

बाजारातली बाहुली गोरी, फ्रॉकवाली. काठीच्या होळीला चांदी लेऊन नाचणाऱ्या आपल्या नंदुरबारच्या आयाबहिणींसारखी बाहुली कोण करणार? आपणच ना!

लेथ चालवली तर इंजिनिअर अन् सुई धरली तर बायकी, हा कुठला न्याय? सर, वर्कशॉपमध्ये एक शिलाई मशीन द्याच. हसणाऱ्यांनाही शिकवतो!