जीर्ण आंत्रशोथात पथ्य चिठ्ठीवर यावे

ग्रहणीच्या रुग्णास तक्र द्यावे, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केलेले असते. पुढे व्यवसायात पडल्यावर तेच वाक्य आपण दिवसातून अनेकदा उच्चारतो. ‘तिखट-तेलकट टाळा, ताक घ्या,’ एवढे सांगून चिठ्ठीवर मात्र चार औषधे लिहितो. औषधाची मात्रा, अनुपान, सेवनकाल हे सारे लिहिले जाते. पथ्य तेवढे तोंडी राहते. जीर्ण आंत्रशोथाच्या रुग्णांबाबत ही रीत अपुरी आहे, इतकेच नव्हे तर प्रसंगी घातकही आहे, असे आमचे मत बनले आहे. ते मांडताना प्रथम आमच्याच एका चुकीची कबुली देणे भाग आहे.

राजूरचा अनुभव

वणी तालुक्यातील राजूर हे कोळशाच्या खाणी आणि चुनाभट्ट्या यांच्या आधाराने वाढलेले गाव. पंचक्रोशीत ते ‘राजूर कॉलरी’ या नावानेच ओळखले जाते. आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांत पाळीने काम करणारे पुष्कळ असतात. पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते. रात्रपाळीला डब्यातली गार भाकरी आणि तिखट भाजी, मधल्या वेळी चहा व आलुबोंडा, आणि तोंडात खर्रा. विषमाशन आणि अध्यशन हे ग्रंथातले शब्द येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतात.

काही वर्षांपूर्वी असाच एक तिशीतील रुग्ण आमच्याकडे आला. नागपूर येथे कोलोनोस्कोपी होऊन त्यास अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान झाले होते व मेसालामाइनच्या गोळ्या चालू होत्या. आम्ही लाजमंड, मुगाचे यूष, ताक असे पथ्य सांगितले आणि कुटजाची योजना केली. दोन महिन्यांत शौचाचे वेग सहा-सातवरून दोनवर आले, रक्त थांबले, वजन वाढू लागले. आम्हास समाधान वाटले आणि चार जणांत आम्ही त्याचे उदाहरणही सांगू लागलो. त्याने गोळ्या स्वतःहून बंद केल्या आहेत, हे मात्र आम्हास ठाऊक नव्हते. कारण आम्ही ते कधी विचारलेच नव्हते.

वैशाखात तो पुन्हा आला तेव्हा दिवसाला दहा-बारा वेळा रक्तमिश्रित शौच होत होते. अंगात ताप होता, नाडी द्रुत होती, चेहरा पांढुरका पडला होता. त्याचे ताक चालूच होते. ‘त्रास वाढला म्हणून ताक वाढवलं, वैद्यसाहेब,’ असे तो म्हणाला. त्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठविले. शिरेवाटे स्टिरॉइड द्यावे लागले, रक्त चढवावे लागले. तो बचावला, हे आमचे भाग्य. त्याने आमचे ऐकले नाही असे नाही. आम्ही जेवढे सांगितले तेवढे त्याने तंतोतंत केले. काय बंद करू नये आणि ताक केव्हा थांबवावे, हेच आम्ही सांगितले नव्हते.

ग्रंथांचा सल्ला इतका ढोबळ नाही

ताकाचे गुणगान करणाऱ्या आपल्याच ग्रंथांनी त्यास किती मर्यादा घातल्या आहेत, हे पुन्हा पाहण्यासारखे आहे. चरकाने ग्रहणीचिकित्सेत ताक दीपन, ग्राही आणि लघु म्हणून श्रेष्ठ मानले. परंतु अर्शचिकित्सेत तक्रप्रयोगाचे जे वर्णन आहे, त्यात लोणी पूर्ण काढलेले, अर्धे काढलेले आणि न काढलेले असे तीन प्रकार दोष, अग्नी व बल पाहून सांगितले आहेत. प्रयोगाचा अवधी सात दिवसांपासून महिन्यापर्यंत दिला आहे. ताक एकदम थांबवू नये, क्रमाने कमी करावे, असा स्पष्ट निर्देश आहे. सुश्रुताने सूत्रस्थानात क्षत, उष्णकाल, दौर्बल्य, मूर्च्छा, भ्रम, दाह आणि रक्तपित्त यांत ताक निषिद्ध ठरविले. आता आमचा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा. वैशाखाचा महिना, पारा ४५ अंशांच्या घरात, शरीर दुर्बल, दाह आणि रक्तस्राव. सुश्रुताने मोजून दिलेल्या अवस्थांपैकी किती त्याच्या ठायी एकवटल्या होत्या! रक्तातिसारात चरकाने शेळीचे दूध व पिच्छाबस्ती यांची योजना केली, ती याच कारणाने.

बेलफळाचेही तसेच. ग्राही व दीपन म्हणून वाखाणलेले आहे ते कोवळे, कच्चे फळ. पिकलेले फळ पचण्यास जड व दोषल म्हटले आहे. उन्हाळ्यात पिकल्या बेलाचे गोड सरबत ‘पोटाला चांगले’ म्हणून जीर्ण अतिसाराच्या रुग्णास देण्यास शास्त्राचा आधार नाही.

दुसरी गोष्ट रोगनिश्चितीची. ग्रहणी म्हणजेच आंत्रशोथ असे सरसकट समीकरण मांडणे योग्य नव्हे. ग्रहणीच्या लक्षणांनी येणाऱ्या रुग्णांत इरिटेबल बॉवेल, गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक, जुनी आमांशाची बाधा, आतड्यांचा क्षय, क्रोन्सचा विकार असे भिन्न रोग असतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसची लक्षणे तर पित्तज अतिसार, रक्तातिसार व प्रवाहिका यांच्याशी अधिक जुळतात. नाव एक दिले म्हणून पथ्य एक होत नाही.

आधुनिक संशोधन काय दाखविते

आहाराने आंत्रशोथ शमतो, हा दावा आता केवळ आपलाच राहिलेला नाही. मुलांच्या क्रोन्स विकारात सहा ते आठ आठवडे अन्य अन्न बंद ठेवून केवळ द्रवरूप पोषणावर ठेवणे हा उपचार युरोपातील मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्या पसंतीचा मानला जातो. काही पदार्थ वर्ज्य करणारा आहार आणि अंशतः द्रवपोषण यांच्या योगाने मुलांत रोग शमतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. भारतीय संशोधकांच्या २०२२ सालच्या चाचणीत सौम्य व मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांना निरोगी दात्याच्या मलातील जंतुसमूहाचे रोपण आणि शोथहर आहार देण्यात आला. पुढे केवळ त्या आहारावर ठेवलेल्या रुग्णांत वर्षभराच्या अखेरीसही लाभ टिकल्याचे आढळले. आपल्या हळदीचेही उदाहरण आहे. जपानमध्ये २००६ साली ८९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत करक्युमिन घेणाऱ्यांत सहा महिन्यांत रोग उलटण्याचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी, तर न घेणाऱ्यांत २० टक्क्यांच्या आसपास होते.

हे आकडे सभांतून अभिमानाने सांगितले जातात. त्यातला एक शब्द मात्र बहुधा गाळला जातो. जपानच्या त्या चाचणीत करक्युमिन दिले ते सल्फासलाझिन अथवा मेसालामाइनच्या ‘सोबत’, त्याऐवजी नव्हे. भारतीय चाचणीतील रुग्ण सौम्य-मध्यम अवस्थेतले होते, तीव्र अवस्थेतले नव्हते. आणि मोठ्या माणसांच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये निव्वळ आहाराने रोग आटोक्यात येतो, याचा पुरावा मुलांच्या क्रोन्स विकाराइतका भक्कम नाही. ‘औषधांऐवजी आहार’ ही घोषणा आकर्षक आहे. पण ज्ञात पुराव्याच्या आधारे आपण ‘औषधांसोबत आहार, आणि औषध कमी करणे ते तपासणीअंती, मूळ चिकित्सकाच्या संमतीने’ एवढेच म्हणू शकतो. आमच्या मते तेवढे म्हणणेही थोडे नाही.

केव्हा थांबावे

ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली तीव्र कोलायटिस ओळखण्यासाठी दिलेले निकष आजही वापरात आहेत आणि ते खेड्यातल्या दवाखान्यातही पाहता येतात. दिवसाला ६ वा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच, आणि त्यासोबत नाडी मिनिटास ९० च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ पेक्षा कमी किंवा ईएसआर ३० च्या वर यांपैकी एक जरी असेल, तर तो रुग्ण आपल्या ओसरीवरचा नव्हे. त्यास सावंगी, सेवाग्राम, यवतमाळ वा नागपूर, जेथे लवकर पोहोचता येईल तेथे पाठवावे.

आणखी तीन सावधगिरी. संध्याकाळचा ताप, वजन घटणे व उजव्या बाजूस खाली दुखणे असेल तर आतड्याच्या क्षयाचा विचार आधी करावा. क्रोन्स व क्षय यांत भल्याभल्यांची फसगत होते आणि क्षयात चुकून दिलेले स्टिरॉइड महागात पडते. जेवणानंतर पोट फुगून कळ येत असेल, ओकारी होत असेल तर आतडे अरुंद झाल्याची शंका घ्यावी. अशा रुग्णास कोंड्यासह कण्या वा कच्ची कोशिंबीर देणे धोक्याचे. आणि कंबरदुखीसाठी वारंवार घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांची चौकशी न विसरता करावी. अंगमेहनतीच्या कामात त्या सर्रास घेतल्या जातात आणि शमलेला आंत्रशोथ त्यांनी पुन्हा भडकू शकतो.

पथ्याची चिठ्ठी

त्या प्रसंगानंतर आम्ही पथ्यासाठी वेगळा कागद वापरू लागलो. त्यावर प्रथम अवस्था लिहितो. वेग अधिक पण वरील धोक्याची चिन्हे नाहीत, अशा वेळी साळीच्या लाह्यांचा मंड, जुन्या तांदळाची सुंठ-धने घातलेली पेज, मुगाचे पातळ यूष, डाळिंबाचा रस. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडे थोडे. वेग कमी झाले की विलेपी, मग मऊ भात व मुगाचे वरण. त्यानंतर चाळलेल्या पिठाची ज्वारीची भाकरी. दुधी, दोडका, पडवळ, कोहळा यांच्या शिजवलेल्या भाज्या. नवा पदार्थ तीन-चार दिवसांत एकच. ताक द्यावयाचे तर ताजे, गोड, लोणी काढलेले. किती वाट्या, दिवसा की रात्री, किती दिवस, आणि रक्त दिसताच थांबवावे, हे सारे अक्षरांत. वर्ज्य पदार्थांतही केवळ ‘तेलकट’ न लिहिता तर्री, ठेचा, आलुबोंडा, बाटलीतले शीतपेय, खर्रा अशी नावे लिहितो. कारण रुग्णाला ‘तेलकट’ म्हणजे शेजाऱ्याच्या घरचे वाटते.

आपल्या घरची ताक-कण्या ही न्याहारी आम्ही फार मोलाची मानतो. परंतु ती बऱ्या झालेल्या अग्नीची आहे, उसळलेल्या रोगाची नव्हे. पाळीच्या कामगारास जेवणाच्या वेळा घड्याळाप्रमाणे नव्हे, तर पाळीप्रमाणे लिहून द्याव्या लागतात. रात्रपाळीस मऊ भात-वरण डब्यात नेणे शक्य असते. कोणी सांगितले तर.

कागदाच्या शेवटी दोन ओळी छापूनच घेतल्या आहेत. ‘चालू असलेल्या कोणत्याही गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.’ ‘दर पंधरा दिवसांनी वजन करून यावे.’ वजनाचा आग्रह यासाठी की, पथ्याच्या भीतीने एकेक पदार्थ सोडत गेलेले आणि रोगापेक्षा उपासमारीने खंगलेले रुग्णही आम्ही पाहिले आहेत. पथ्य म्हणजे अन्न तोडणे नव्हे, अन्न जोडणे होय.

औषधालयचालकांस विनंती

रुग्ण आपल्याकडे येण्यापूर्वी पुष्कळदा औषधालयाच्या फळीशी उभा राहिलेला असतो. ‘जुलाब थांबत नाहीत’ म्हणून आलेल्या माणसास रक्त पडते का, ताप आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय जुलाब बांधणारी गोळी देऊ नये. तीव्र कोलायटिसमध्ये ती मोठ्या आतड्यास घातक ठरू शकते. निनावी पुड्यांतून मिळणारे ‘हमखास गुणाचे’ चूर्ण ठेवू नये. अशा चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे प्रकार घडलेले आहेत आणि त्याचा डाग अखेर आपल्या शास्त्रावरच पडतो. पर्पटीसारखे पारदघटित कल्प वैद्याच्या चिठ्ठीवाचून हातात देऊ नयेत. कुटजारिष्टाच्या बाटलीसोबत पथ्याचा एक छापील कागद दिला, तर खर्च थोडा आणि उपकार मोठा. ‘कोलायटिस कायमचा बरा’ असे फलक मात्र उतरवावेत. गिऱ्हाईक त्या फलकामुळे येईल. परंतु गोळ्या बंद करील तोही त्याच फलकामुळे.

आहार हे आयुर्वेदाचे सर्वांत मोठे सामर्थ्य आहे, असे आपण म्हणतो. तसे असेल तर त्याची मात्रा, काल, अवस्था आणि निषेध औषधाइतक्याच काटेकोरपणे लिहिले गेले पाहिजेत. जे तोंडी राहते त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. जे लिहिले जाते त्याखाली वैद्याची सही येते. राजूरचा तो रुग्ण आज कामावर आहे, गोळ्याही घेतो आणि पथ्यही पाळतो. दर भेटीत आम्ही त्यास पहिला प्रश्न गोळ्यांचा विचारतो, दुसरा डब्याचा. हे दोन्ही प्रश्न वैद्यबंधूंनी आपापल्या दवाखान्यात आजपासून विचारावेत, एवढीच नम्र विनंती.