डिजिटल पेटीची किल्ली

इ. स. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेचें व कृष्णेचें पाणी करवीर आणि शिरोळ तालुक्यांतील गांवांत शिरलें, त्या वेळीं धान्याबरोबर घरांतले कागदही भिजले. पूर ओसरल्यावर मदत मागावयास जावें तर पुन्हा तेच कागद हवे! तेव्हां कागदपत्रें घराबाहेर, दूरच्या यंत्रांवर सुरक्षित ठेवण्याची जी सोय आज झाली आहे, तिचा अव्हेर करणें शहाणपणाचें नाहीं. केंद्र सरकारचें डिजिलॉकर २०१५ सालापासून चालू आहे. कार्यालयाकडून थेट त्यांत आलेला दाखला नियमाप्रमाणें मूळ दाखल्याच्या बरोबरीचा मानला जातो. मात्र आपण फोटो काढून ठेविलेला कागद ही नुसती नक्कल, हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही १ मे २०१८ पासून घरबसल्या मिळूं लागला. त्यास १५ रुपये पडतात.

पेटीविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती किल्लीविषयीं. या पेटीची किल्ली म्हणजे आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक, त्यावर येणारा सहा आंकडी ओटीपी आणि आपण ठरविलेला पासवर्ड. आतां गांवोगांव काय चालतें तें पाहा. शेतकरी सेवा केंद्रांत जातो, आधारकार्ड पुढें ठेवतो. केंद्रांतला मुलगा आपल्याच ईमेलवर खातें उघडतो, पासवर्ड आपल्या वहींत टिपून घेतो, आणि मोबाईल वाजला कीं हा बिचारा आंकडे मोठ्यानें वाचून दाखवितो. मुलगा बहुधा सज्जनच असतो. पण उद्यां तो पुण्यास नोकरीस गेला म्हणजे खातें कोणाचें? सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवूं नये हें ज्यांनीं वडिलांकडून ऐकलें, त्यांनींच ओटीपी दुसऱ्याच्या स्वाधीन करावा याचें नवल वाटतें.

करवीर राज्यांत शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कुलकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले. गांवचें दप्तर वंशपरंपरेनें एकाच घराच्या हातीं राहण्याचा प्रघात त्यामुळें मोडला. शंभर वर्षांनीं आपण आपलें दप्तर पासवर्डाच्या वहीवाल्याकडे आपखुषीनें नेऊन देत आहों.

हें केवळ सोयीचें प्रकरण नव्हे. १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रांत कृषिविभागाच्या योजनांसाठीं शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. पीएम-किसानची ओळखपडताळणीही ओटीपीनें होते. सिमकार्ड फार दिवस न वापरल्यास बंद पडतें आणि तोच क्रमांक पुढें परक्या माणसास मिळूं शकतो. गूगलचें खातें दोन वर्षें न वापरल्यास त्यांतील फोटो-कागदांसह तें काढून टाकण्याचा नियम त्या कंपनीनें २०२३ सालीं केला. आणि इतर संकेतस्थळांवरही त्याच खात्यानें शिरणारानें ही एक किल्ली हरवल्यास किती दारें बंद होतील, तें मोजून पाहावें.

ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं काय करावें, असें कोणी विचारील. त्यांच्या घरीं शाळेंत जाणारी नात असते. परक्यापेक्षां ती बरी. शिवाय गांवच्या विकास सेवा संस्थेनें पीककर्जाच्या दिवसांत एक माणूस याच कामास बसवावा. त्यानें खातें शेतकऱ्याच्या स्वतःच्या क्रमांकावर, त्याच्याच हातानें उघडवून घ्यावें, व पासवर्ड लिहिला जात असतां तोंड फिरवावें. आधारला बंद पडलेला क्रमांक जोडलेला असल्यास ऊसतोड लागण्यापूर्वींच आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्यावा. एकदां तोड आली कीं कोणास सवड मिळणार?