दाताच्या खुर्चीत बसण्याआधी

गेल्या महिन्यात सासूबाईंची दाढ दुखायला लागली. आधी लवंग, मग लवंगेचं तेल, मग मिठाच्या गुळण्या, मग मेडिकलमधून आणलेली गोळी. आपल्याकडे दुखरा दात म्हणजे डॉक्टरकडे जाण्याइतकं मोठं दुखणं नसतंच, आणि तो घरातल्या बाईचा असेल तर मुळीच नाही. पाचव्या दिवशी गाल सुजला, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या. स्टँडजवळच्या दवाखान्यात घेऊन गेले.

दवाखाना चकचकीत. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर मोत्यासारखे दात दाखवणारी नटी. आमच्या आधी एक शाळकरी मुलगा आत होता. दार अर्धवट उघडं होतं. त्याची दाढ काढून झाली, तशी मदतनीस मुलीनं तीच पकड बेसिनच्या नळाखाली धरली, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि पुन्हा ट्रेमध्ये ठेवली. तोच ट्रे सासूबाईंसाठी! डॉक्टरांनी हातमोजेही बदलले नाहीत, नुसते धुतले.

हे सगळं मी पाहिलं आणि गप्प बसले. सासूबाई कळवळत होत्या, बाहेर सहा जण ताटकळत होते, आणि डॉक्टरांना असं कसं विचारायचं? भाजीवाल्याकडे एक किडकं वांगं दिसलं तर आपण ते परत टाकायला लावतो. इथे रक्ताचा प्रश्न होता आणि माझी जीभ उचलली नाही. पैसे दिले, पावतीसुद्धा न मागता घरी आलो. रात्री मात्र झोप लागली नाही.

नंतर माहितीतल्या एका दंतवैद्य बाईंना गाठून सगळं विचारून घेतलं. हिपॅटायटिस बी म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. तिचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरू शकतो. नळाचं पाणी आणि स्पिरिट त्याला पुरत नाही. जुन्या दवाखान्यांतली स्टीलची उकळण्याची पेटीही पुरत नाही, कारण काही जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातून जिवंत बाहेर पडतात. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो. आपल्या प्रेशर कुकरचाच थोरला भाऊ म्हणा ना! आधी हत्यार घासून रक्त काढायचं, मग पाकिटात बंद करून साधारण १२१ अंशांच्या वाफेत १५ ते ३० मिनिटं ठेवायचं. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला की वाफ लागली असं समजायचं. रंग बदलला म्हणजे शंभर टक्के निर्जंतुक झालं असं नाही, पण निदान ते पाकीट मशीनमध्ये जाऊन आलंय एवढं तरी कळतं.

कुणी म्हणेल, इतक्या वर्षांत काही झालं का? झालंय. तमिळनाडूतल्या वाणियंबाडीत २०२३ च्या सुमारास मेलिऑइडोसिस या आजारानं मेंदूला लागण झालेले दहा रुग्ण एकाच दंत दवाखान्याशी जोडलेले निघाले. त्यातले आठ दगावले. तपासात दिसलं ते असं, की सलाइनची बाटली निर्जंतुक न केलेल्या हत्यारानं उघडायची, वापरून झाल्यावर तोंडाला कापूस लावून ठेवायची आणि पुढच्या रुग्णाला तीच. दात दाखवायला गेलेली माणसं होती ती.

म्हणून खुर्चीत बसण्याआधी नजर फिरवायची. हत्याराचं पाकीट आपल्यासमोर फोडलं जातं का, हातमोजे नवे घातले का, इंजेक्शनची सुई सीलबंद होती का, लाळ ओढणारी नळी आणि चूळ भरायचा पेला नवा आहे का. दात कोरायच्या त्या गरगर फिरणाऱ्या यंत्राचा पुढचा भागही दर रुग्णानंतर ऑटोक्लेव्हमध्ये जायला हवा. नुसता पुसून चालत नाही, आणि नेमकं इथेच बरेच जण वेळ वाचवतात. पोटात बाळ असेल तर एक्स-रेआधी आपण होऊन सांगायचं. भिंतीवर पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघायचं. बाजारात ‘दातांचे स्पेशालिस्ट’ अशी नुसती पाटी लावून बसलेलेही असतात, हे तुम्हाला सांगायला नको.

डॉक्टरांची बाजूही आहे. ऑटोक्लेव्ह महाग, हत्यारांचे चार-पाच संच लागतात, वीज जाते आणि आपण तर दाढ काढायच्या पैशांतही घासाघीस करतो. नीट काम करणारेही पुष्कळ आहेत, आणि स्वस्तात उरकणाऱ्यांमुळे तोटा त्यांचाच होतो. पण हे तपासायचं कुणी? केंद्रानं २०१० साली दवाखान्यांच्या नोंदणीचा आणि किमान दर्जाचा कायदा केला, महाराष्ट्रानं तो स्वीकारला नाही. एनएबीएचचं मानांकन दंत दवाखान्यांनाही मिळतं, पण ते ऐच्छिक. म्हणजे छोट्या गावातल्या खासगी दवाखान्यात दर्जा बघायला जाणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे खुर्चीत बसणारी. माझं स्पष्ट मत आहे, नगरपालिका हॉटेलचं स्वयंपाकघर बघायला माणूस पाठवते, तसा माणूस इथेही गेला पाहिजे.

पावती मात्र मागाच. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. पण हातात कागद नसेल तर ग्राहक आयोगापुढे दाखवणार काय?

चार दिवसांनी मी एकटीच त्या दवाखान्यात गेले. छातीत धडधडत होतं, तरी पाहिलं ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “ताई, बारा वर्षांत कुणाची तक्रार नाही.” मी म्हटलं, “मग आज पहिली लिहून घ्या.” ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पुढचा पेशंट बोलावला.

सासूबाईंची रक्ततपासणी करून घेतली, ठीक आली. सहा महिन्यांनी पुन्हा करायची आहे. त्या शाळकरी मुलाच्या आईला मी ओळखत नाही. निळा गणवेश होता, एवढंच लक्षात आहे. शाळा सुटायच्या वेळी दोनदा फाटकापाशी जाऊन उभी राहिले, अजून दिसली नाही.