पदक आणि पाणी

बारावीचे निकाल लागले की लातूरच्या गुणवत्तेची चर्चा महाराष्ट्रभर होते. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. परंतु विद्यार्थ्यांचे कर्तृत्व मोजण्याची दुसरीही एक पद्धत आहे, आणि मराठवाड्याने तिचा विचार करण्याची वेळ आली आहे.

जनुकांचे सुटे भाग जोडून जिवाणूंकडून नवे काम करवून घेणारी विद्याशाखा म्हणजे संश्लेषित जीवशास्त्र. तिची ‘आयजेम’ ही विद्यार्थी-स्पर्धा अमेरिकेतील एमआयटी संस्थेत २००४ साली पाच संघांनिशी सुरू झाली. २००६ साली एडिंबरोच्या विद्यार्थ्यांनी तीत एक जिवाणू सादर केला. पाण्यात आर्सेनिक असेल तर त्याच्यामुळे पाण्याची आम्लता बदलते आणि दर्शकाचा रंग पालटतो. डोळ्यांपुढे बांगलादेशातील विहिरी होत्या. परक्या देशातील गरिबांच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी आपला मानला, हेच त्यांचे खरे यश.

असा प्रश्न नांदेडच्या दाराशीच आहे. किनवट परिसरातील भूजलात फ्लोराइड आढळते. ते दातांवर डाग पाडते आणि हाडे वाकवते. भारतीय मानकानुसार त्याची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. अमेरिकी संशोधकांनी २०२० साली जिवंत पेशींविना चालणारी, वाळवून ठेवता येणारी फ्लोराइड-चाचणी प्रसिद्ध केली आणि कोस्टा रिकातील पाण्यावर ती वापरून पाहिली. जनुकबदल केलेले जिवंत जंतू गावात नेण्याची अडचण तिने दूर केली. मात्र तिने ओळखलेली पातळी होती लिटरला २ मिलिग्रॅम. २ आणि १.५ यांमधील हे अंतर तोडणे, हा नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा असाच विषय नव्हे काय?

संस्था नाहीत असे नाही. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला त्याचा उपपरिसर आहे. कृषी जैवतंत्रज्ञानाचे महाविद्यालयही लातुरात आहे. तथापि स्पर्धेचे नोंदणीशुल्कच हजारो डॉलरच्या घरात जाते. त्यावर रसायनांचा खर्च आणि परदेशप्रवास. पुण्याची आयसर, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था यांचे संघ तेथे पोहोचले. शेतमजुराची बुद्धिमान मुलगी कशी पोहोचणार?

येथे एक विसंगती नजरेस येते. संघांनी बनवलेले जनुकीय भाग सर्वांना खुल्या असलेल्या सामाईक संग्रहात जमा करण्याची या स्पर्धेची परंपरा आहे. ज्ञान असे सामाईक, पण उंबरठा डॉलरचा! तो उंबरठा ओलांडून देणे हे शासनाचे काम आहे. जिल्हा नियोजन समितीने रस्त्यांप्रमाणेच प्रयोगशाळांसाठीही तरतूद करावी.

पदक मिळेल वा न मिळेल. परंतु परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर ज्यांची बुद्धी खर्ची पडते, त्या मुलांना आपल्याच गावच्या पाण्याचा प्रश्न सोडवू न देणे ही उधळपट्टी मराठवाड्याला परवडणारी नाही.