‘नस्तर’ आणि शुद्धीचा आग्रह

शब्दाचे कुळ कळले की त्याची योग्यताही ठरली, हा भाषाशुद्धिवाद्यांचा जुना भ्रम आहे. ‘नस्तर’ हा शब्द तो भ्रम उघडा पाडतो. फार्सी ‘नीश’ म्हणजे नांगी, डंख. त्यावरून ‘नीश्तर’ हे शीर वा गळू फोडण्याच्या पात्याचे नाव झाले आणि मराठीत ते ‘नस्तर’ म्हणून रुळले. ते परके, म्हणून ‘शस्त्र’ म्हणावे, असा आग्रह धरता येईल. सुश्रुतसंहितेत हीच संज्ञा आहे, हे खरे; तेथील २० शस्त्रांपैकी उत्पलपत्र, कुशपत्र, व्रीहिमुख यांची नावे आकारावरून पडली आहेत. परंतु आजच्या मराठीत हा अर्थ ‘शस्त्रक्रिया’सारख्या समासापुरताच उरला आहे; सुट्या ‘शस्त्रा’ने रणांगणच आठवते. मारणारे आणि तारणारे पाते एकाच शब्दात कोंबणे ही शुद्धी कसली? ती अर्थहानीच होय. १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश सिद्ध करणाऱ्या माधव जूलियनांनीच १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. त्या शीर्षकातील ‘विवेक’ मात्र त्यांचे अनुयायी सोयीस्करपणे विसरतात. कोश शब्दाचे मूळ दाखवतो. त्याच्या हद्दपारीचा हुकूम देत नाही.